सूत्र पुसावे की ठेवावे?



पुसदला येऊन पुसण्याविषयी व्याख्यान द्यावे, हा शब्दखेळ आम्ही मुद्दाम जुळवून आणलेला नाही. आमचा धंदाच पुसण्याचा आहे. चित्रपट काढून झाला, म्हणजे त्यात जे दिसू नये असे दिसते ते पुसावयाचे, आणि जे दिसावयास हवे पण काढता आले नाही ते भरावयाचे, एवढेच आमचे काम. मोठ्या चित्रपटांत याला व्हिज्युअल इफेक्ट्स असे भारदस्त नाव आहे, आणि श्रेयनामावलीत त्या खात्याची नावे इतकी लांबत जातात की शेवटचे नाव येईपर्यंत झाडूवाला थिएटरात शिरलेला असतो. आज आमच्या मनात आहेत ते चारपाच मित्रांनी पदरचे पैसे घालून, एखाद्या रिकाम्या खोलीत बाहुल्या मांडून काढलेले आठदहा मिनिटांचे चित्रपट. असे चित्रपट आपल्याकडे निघतात, आणि त्यांतले काही निघून तसेच पडून राहतात. ते का पडून राहतात, हे सांगण्यासाठी आम्ही इथे उभे आहोत.

उदाहरणादाखल आमच्या हाताखालून गेलेलाच एक चित्रपट घेतो. काढणारी मंडळी विदर्भातलीच, एका तालुक्याच्या गावची. त्यांची नावे सांगण्याची त्यांनी परवानगी दिलेली नाही आणि आम्ही मागितलीही नाही. कथा आपणांपैकी प्रत्येकाच्या ओळखीची आहे. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी एक मुलगा आपला चाकांचा लाकडी नंदी दोरीने ओढत, बोजारा मागत घरोघर हिंडतो. पाऊस येतो. पळापळीत हातची दोरी सुटते. आणि दोरी सुटल्यावर नंदी आपला आपण चालू लागतो. बस्स, एवढीच कथा. नऊ मिनिटांची. मुलगा कापसाच्या अंगाचा आणि तारेच्या हाडांचा, नंदी सहा इंच उंचीचा, घरे पुठ्ठ्याची. जिनिंगच्या एका रिकाम्या गोदामात आठ महिने खपून त्यांनी हे सारे काढले. नंतर दोन वर्षे तो चित्रपट एका हार्ड डिस्कवर पडून होता. दर तिसऱ्या चित्रात नंदीच्या पोटाखाली त्याला उचलून धरणारी तार दिसत होती, कथेत असलेला पाऊस चित्रात नव्हता, आणि पैसे संपले होते.

या कामाचा आपल्याकडचा आद्यपुरुष कोण म्हणाल, तर दादासाहेब फाळके. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ सालचा, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्याच्या आदल्या वर्षी, १९१२ साली, विलायतेहून कॅमेरा घेऊन परतल्यावर फाळक्यांनी आधी काय केले? कुंडीत एक बी पेरले, आणि त्याचे रोप कसे वाढते ते थांबून थांबून चित्रित केले. सावकाराला ते दाखवले आणि पुढच्या चित्रपटाचे भांडवल उभे केले. या हकीकतीत फाळके रोज एकच चित्र घेत असत, असे पुष्कळदा लिहिलेले आढळते. आम्ही धंद्याने मोजणारे लोक. आम्हांला हे पटत नाही. त्या काळी सेकंदाला सुमारे सोळा चित्रे धावत. रोज एक याप्रमाणे महिन्याची तीस चित्रे होतात. म्हणजे पडद्यावर दोन सेकंदांचासुद्धा खेळ नाही! दोन सेकंदांच्या रोपट्यावर कोणता सावकार पैसे देईल? तेच पडद्यावर मिनिटभर दाखवावयाचे, तर नऊशे साठ चित्रे लागतात. महिन्याने भागले तर दिवसाला बत्तीस. रात्र धरूनसुद्धा पाऊण तासाला एक. कुंडीसमोर महिनाभर असे बसणारा माणूस कसा असेल याची कल्पना करून पाहावी. पुढे त्यांनी आगकाड्या पडद्यावर हालवून 'आगकाड्यांची मौज' हा लहानसा चित्रपट काढला. बाहुलीपटाचे मूळ तेच: वस्तू जरा सरकवा, चित्र घ्या, पुन्हा सरकवा.

आणि एक नाव आम्ही या प्रसंगी घेतल्यावाचून राहणार नाही. कोऱ्या फिल्मच्या कडेला भोके नसत. ती अंधारात बसून पाडावी लागत. ते काम सरस्वतीबाई फाळके करीत. फिल्म धुण्याच्या कामातही त्यांचा हात असे. पडद्यावर ज्याचा मागमूस राहत नाही असे काम करणाऱ्यांची परंपरा आपल्याकडे सरस्वतीबाईंपासून धरावी, असे आमचे मत आहे.

फाळके रोप चित्रित करीत होते त्याच वर्षी तिकडे रशियात स्तारेविच नावाचा एक कीटकांचा शौकीन मेलेल्या भुंग्यांच्या पायांना तारा लावून त्यांच्याकडून नाटके करवून घेत होता. एकाला दुसऱ्याची वार्ता असण्याचे कारण नव्हते. असो.

आता तारेकडे येतो. चारही चाके जमिनीवर असतात तोपर्यंत नंदीला आधार लागत नाही. पण आमच्या कथेतला नंदी एका ओहळावरून उडी मारतो. उडीची चित्रे एकेक करून घ्यावयाची, तर प्रत्येक चित्रात तो हवेत थांबला पाहिजे. आणि लाकडाचा नंदी काही योगी नव्हे. म्हणून पोटाखाली जाड तार लावून ती मागच्या बाजूला पक्की करतात. या आधाराला धंद्यात रिग म्हणतात. तो पुसण्याची युक्ती ऐकावयास फार सोपी आहे. कॅमेरा न हालवता, दिवे न हालवता, नंदी आणि तार दोन्ही बाजूला काढून मोकळ्या देखाव्याचे एक चित्र घेऊन ठेवावयाचे. याला क्लीन प्लेट म्हणतात. मग संगणकावर नंदीचे चित्र वर आणि हे रिकामे चित्र खाली अशी चळत रचावयाची, आणि वरच्या चित्रातला तारेएवढाच भाग कातरून काढावयाचा. भोकातून खालचे दिसू लागते. भिंत भिंतीला मिळते, आकाश आकाशाला मिळते, आणि तार नाहीशी होते.

हे रिकामे चित्र घ्यावयास एक मिनिट लागते. ते घेतलेले नसेल तर पुढे आठवडे जातात. या नऊ मिनिटांच्या चित्रपटात एकशे दहा तुकडे होते. पैकी चाळीसांना रिकामे चित्र होते. उरलेल्या ठिकाणी आम्हांला शेजारच्या चित्रांतून भिंतीचे ठिगळ आणून शिवावे लागले. आपल्यापैकी कोणाच्या मुलाला हा नाद असेल, त्याला आमचा एवढा निरोप द्यावा: बाहुली उचलण्यापूर्वी रिकामे चित्र घे, आणि बाहुली उचलल्यानंतर आणखी एक घे. मध्यंतरी विजेचा दाब कमीजास्त झालेला असतो, आणि उन्हाळ्यात आपल्याकडे तो किती वेळा होतो हे आपणांस आम्ही काय सांगावे? पिवळट भिंतीवर पांढऱ्या भिंतीचे ठिगळ लपत नाही.

हिशेब सांगतो, म्हणजे पैसे का संपतात ते कळेल. पडद्यावर सेकंदाला चोवीस चित्रे. नऊ मिनिटांची झाली बारा हजार नऊशे साठ. बाहुलीपटात पुष्कळदा एकेक छायाचित्र दोनदोन वेळा वापरतात, म्हणून प्रत्यक्ष छायाचित्रे सहा हजार चारशे ऐंशी. त्यांतल्या तिसऱ्या हिश्शात, म्हणजे दोन हजार एकशे साठ चित्रांत, तार. एका चित्राला सहा मिनिटे धरली तर दोनशे सोळा तास; आठ तासांच्या रोजाने सत्तावीस दिवस. हे सरळ चित्रांचे. जिथे तार नंदीच्या पायावरून गेली आहे तिथे रिकाम्या चित्राचा उपयोग नाही, कारण तिच्यामागे भिंत नसून पाय आहे. तो पाय रंगवूनच काढावा लागतो, आणि अशा एका चित्राला अर्धा तासही लागतो. शिवाय तारेची सावली. नवशिके लोक तार पुसतात आणि सावली विसरतात. प्रेक्षकाला काय चुकले ते सांगता येत नाही, पण काहीतरी चुकले आहे हे त्याच्या डोळ्याला तत्काळ कळते.

या सर्वांहून बिकट गोष्ट म्हणजे मुलाच्या हातातली दोरी. ती कथेतली दोरी. ती दिसलीच पाहिजे. पण दोरी कापसाची, तिला प्रत्येक चित्रात हवा तसा झोल राहत नाही; म्हणून मंडळींनी दोरीच्या पिळात बारीक तार घातली होती, आणि जिथे तेही पुरेना तिथे वरून काळ्या धाग्याने तिला टांगली होती. म्हणजे एक दोरी ठेवावयाची, तिला टांगणारा धागा पुसावयाचा, आणि दोन्ही एकमेकांवरून गेलेले! या चारशे चित्रांनी आमच्या तिघांच्या डोळ्यांचे जे केले ते डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारावे.

पावसाची कथा निराळी. खेळण्यातल्या नंदीवर झारीने पाणी घातले तर पाऊस का दिसत नाही? पाण्याला लहान होता येत नाही. खरा बैल साडेचार फूट उंच, आमचा नंदी सहा इंच. म्हणजे नऊ पटींनी लहान. त्याच्या अंगावर पडलेला मोठा थेंब त्या मानाने लिंबाएवढा दिसतो. पडण्याच्या वेगाचीही तीच गोष्ट. सोळा फुटांवरून सोडलेला दगड एका सेकंदात खाली येतो, पण एका फुटावरून सोडलेला पाव सेकंदात येतो. उंची सोळाव्या हिश्शाची झाली, वेळ मात्र चौथ्या हिश्शाचा. म्हणजे वर्गमुळाचे नाते. म्हणून नऊ पटींनी लहान देखाव्यात काही पडताना दाखवावयाचे असेल, तर कॅमेरा तिप्पट वेगाने, सेकंदाला बहात्तर चित्रे घेत चालवावा आणि पडद्यावर चोवीसने दाखवावा; मग वस्तू भारदस्तपणे पडते. चित्रपटांतली पुठ्ठ्याची धरणे याच हिशेबाने फुटतात. पण आमचा नंदी तर चित्रागणिक थांबणारा. तो थांबेल, पाऊस कसा थांबणार? तेव्हा पाऊस वेगळा काढावा लागतो. रात्री काळ्या मखमलीपुढे, कॅमेरा पुष्कळ लांब ठेवून म्हणजे थेंब आपोआप बारीक दिसतात, मागून दिवा लावून फवारा सोडावयाचा. नंतर ते चित्र नंदीच्या चित्रावर उजेडाची बेरीज करून चढवावयाचे. काळ्याची बेरीज शून्य. म्हणून मखमल नाहीशी होते आणि थेंबांच्या रेघा तेवढ्या उरतात. नंदीच्या अंगावर ओघळ दिसले पाहिजेत, ते मात्र चित्रण करतानाच ग्लिसरिनचे ठिपके लावून करावेत. ते लवकर वाळत नाहीत. सुदैवाने या मंडळींनी ग्लिसरीन लावले होते. त्यांच्यात एक औषधांचे दुकान चालवणारे गृहस्थ होते, त्यांची ही कृपा.

हिरव्या पडद्याविषयी आपण ऐकले असेल. पात्रामागे हिरवे कापड लावतात आणि संगणकाला हिरवे ते सारे काढून टाक म्हणून सांगतात. ही रीत परदेशातली. आणि आमच्या चित्रपटात बोजारा घालणारी सुवासिनी हिरवे लुगडे नेसून, हातात हिरवा चुडा भरून दारात आली! हिरवा पडदा काढताना ती निम्मी नाहीशी झाली. अशा वेळी निळा पडदा लावतात. पण विठोबा किंवा कृष्ण पात्र असेल तर निळ्याचीही पंचाईत. आपल्या देवदेवतांनी आणि सुवासिनींनी मिळून संगणकाचे दोन्ही रंग अडवून ठेवले आहेत. तेव्हा आम्ही म्हणतो, खोलीभर पुठ्ठ्याचे गाव रचता येत असेल तर पडद्याच्या फंदात पडूच नये.

आता एक आक्षेप. एका रसिक मित्राने आम्हांला सरळच विचारले: तुम्ही सूत्र पुसता कशाला? कळसूत्री बाहुलीचे सूत्र हीच तिची शोभा नव्हे काय? ज्ञानेश्वरीपासून आपल्याकडे सूत्राने हालणाऱ्या बाहुलीचा दृष्टांत चालत आला आहे. त्यातले सूत्र काढून टाकले तर दृष्टांतात उरले काय?

आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळी गावी ठाकर समाजाचे कलावंत चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या पिढ्यान्‌पिढ्या खेळवीत आले आहेत. त्यांतले परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या खेळात दोऱ्या दिसतात, छायाबाहुलीच्या काठीचीही सावली पडते, आणि कोणाला त्याचे काही वाटत नाही. उद्या कोणी पिंगुळीच्या खेळाचे चित्रण आणून आम्हांला दोऱ्या पुसावयास सांगितले, तर आम्ही काम परत करू. दोऱ्या पुसल्या की खेळवणाऱ्याचा हातच पुसला जातो, आणि प्रेक्षक ज्या कसबासाठी बसला आहे ते कसबच निघून जाते.

उलट बाजूही पाहावी. इंग्लंडात १९६५ साली 'थंडरबर्ड्स' नावाची बाहुल्यांची मालिका सुरू झाली. तिच्या बाहुल्यांच्या तारांतून वीज जात असे आणि तिने डोक्यातले यंत्र चालून ओठ हालत. तार काढणे अशक्यच! म्हणून ती मंडळी पार्श्वभूमीच्या रंगाप्रमाणे तारा रंगवून त्या लपवीत. अमेरिकेत २००९ साली निघालेल्या 'कोरालाइन' या बाहुलीपटात चेहऱ्याचे वरचा आणि खालचा असे दोन तुकडे बदलत. त्यामुळे डोळ्यांच्या पातळीवर एक सांधा दिसे, तो संगणकाने चित्राचित्रातून पुसला. पुढे २०१५ साली 'अनोमलिसा' नावाचा चित्रपट आला. त्याची सुरुवात लोकांकडून जमवलेल्या वर्गणीवर झाली होती. चेहऱ्यावरचे सांधे तसेच. आणि काढणाऱ्यांनी ते बुद्ध्या तसेच ठेवले. तो चित्रपट एकाकी, मोडत चाललेल्या माणसाचा आहे. त्याच्या चेहऱ्याची जोडणी दिसणे हाच कथेचा भाग झाला. आपल्याकडे १९९३ सालच्या 'झपाटलेला'मध्ये रामदास पाध्ये यांनी केलेला तात्या विंचू आठवावा. तो हातांनीच चालवलेला बाहुला आहे हे ज्याला ठाऊक होते तोही घाबरला, कारण चालवणारा हात कोठे दिसत नव्हता.

तेव्हा मित्राला आम्ही उत्तर दिले ते असे, की प्रश्न कथेला विचारावा. तान्ह्या पोळ्याच्या या चित्रपटात दोरी सुटल्यावर नंदी स्वतः चालतो. त्या क्षणी एक जरी तार दिसली, तर प्रेक्षक म्हणेल, याला दुसराच कोणी ओढतो आहे. आणि कथा उलटी होईल. म्हणून तिथे एकूण एक तार गेली पाहिजे. पण मुलाच्या गालावर काढणाऱ्याच्या बोटांनी कापड दबून चित्राचित्राला जी हालचाल होते, ती आम्ही पुसली नाही. १९३३ सालच्या 'किंग काँग'च्या केसांतही अशीच हालवणाऱ्यांची बोटे फिरलेली दिसतात. चित्रपटाच्या मालकांपैकी दोघांना गाल गुळगुळीत करून हवा होता, दोघांना नको होता. दोन रात्री वाद झाला. गाल तसाच राहिला, आणि वेळ वाचला तो पावसाला लागला.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. मुंबईत हा धंदा लहान नाही. १९९७ साली तिथे सुरू झालेली प्राइम फोकस ही संस्था २०१४ साली लंडनच्या डबल निगेटिव्हशी एक झाली. हॉलिवूडच्या चित्रपटांतल्या तारा पुसणारे हात आपल्याकडचेही आहेत. पण तिथे नऊ मिनिटांचा बाहुलीपट घेऊन कोण जाणार? त्याची गरजही नाही. ब्लेंडर नावाची प्रणाली २००२ सालापासून सर्वांना मोफत आणि खुली आहे. आम्ही सांगितले ते बहुतेक काम तिच्यात होते. बरे संगणक आता पुसदमध्येही आहेत. नसते ती काढणाऱ्यांची आधीची तयारी. चित्रीकरणाला दहा रुपये असतील तर सहातच चित्रीकरण उरकावे आणि चार या कामासाठी बाजूला गाठीला बांधावेत, असे आम्ही प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येक जण दहाही खर्चून येतो. दुसरे, संकलन पक्के झाल्यावाचून एकही तार पुसावयास देऊ नये. जो तुकडा पुढे कापून टाकणार त्यातली तार पुसण्यात आठवडा गेला, असे आम्ही एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे.

अलीकडे कृत्रिम बुद्धीच्या प्रणाली हे काम चुटकीसरशी करतात असे आपण वाचता. एका चित्रापुरते ते खरे आहे. पण प्रत्येक चित्रात ती भिंत नव्याने कल्पिली जाते, आणि चोवीस चित्रे धावू लागली की पुसलेल्या जागी भिंत उकळल्यासारखी खदखदते. भिंत साधी असेल तर आम्हीही त्या वापरतो. मुलाच्या हाताजवळ वापरत नाही. पुढे त्या सुधारतील. तेव्हा सत्तावीस दिवसांचे कदाचित सात होतील, आणि तालुक्याच्या गावातली एखादी मुलगी घरी बसून हे काम करील. गाल गुळगुळीत करावा की नाही, हा वाद मात्र तिलाही आपल्या साथीदारांशी घालावाच लागेल.

आता कृपा करून दिवे घालवावेत. नंदीच्या उडीचा तुकडा आम्ही दोनदा दाखवणार आहोत. पहिल्यांदा जसा गोदामात काढला तसा. त्यात ओहळाच्या काठावर, डाव्या बाजूला, जमिनीवर एक बारीक काळी रेघ दिसेल, ती तारेची सावली. दुसऱ्यांदा पावसासकट. पुढच्या रांगेतल्या मुलांनी त्या जागेवर नजर ठेवावी, आणि रेघ पुन्हा दिसली तर खुशाल ओरडावे.